मुका तुकडा

सहादेव जोगदंडांना एक सिनेमा तोंडपाठ होता, आणि त्यात ना नायक होता ना नायिका. सरकारच्या प्रसिद्धी खात्यात ते ऑपरेटर होते. खात्याची निळी गाडी, तिच्यात प्रोजेक्टर आणि घडीचा पडदा, आणि गावोगाव जाऊन दाखवायचं काय, तर कुटुंबनियोजन, खतं आणि हा सिनेमा. वीस मिनिटांचा, काळा-पांढरा. एकेक प्रांत यायचा, त्याचा नाच, त्याचा पोशाख, त्याचं शेत दिसायचं, आणि मागून एक भरदार आवाज सांगायचा की आपण वेगळे दिसतो पण आहोत एकच. सव्वीस वर्षं सहादेव हे ऐकत आले. ज्या गावांत गाडी लावायला पाटलाच्या दारापुढे जागा मिळायची आणि ऑपरेटरला पाणी मात्र वरून ओंजळीत ओतलं जायचं, तिथेही त्यांनी हाच सिनेमा दाखवला. शेवटी टाळ्या पडायच्या. सरकारी माणसाने टाळ्या ऐकायच्या आणि पेटी बंद करायची.

१९९० सालच्या एकतीस जानेवारीला ते निवृत्त होणार होते. गाडीही त्यांच्याबरोबरच मोडीत निघायच्या बेतात होती. घरात टीव्ही आला, नाक्यावर व्हिडिओ आला, निळ्या गाडीला आता कोण विचारतो?

चार वर्षांपूर्वी सहादेव आणि त्यांची बायको सरोजा भाईंदर पूर्वेला राहायला आले. खारीगाव ओलांडलं की मिठागराच्या बाजूला नव्या बिल्डिंगा उठत होत्या, त्यातली ‘सुखधाम’ ही एक. सोळा बिऱ्हाडं आणि जवळपास तितक्याच तऱ्हा. तळमजल्यावर स्टीलच्या भांड्यांचा कारखाना चालवणारे चिमणभाई आणि त्यांची चंपाबेन, त्यांच्या समोर एक मल्याळी नर्स आणि तिचा नवरा, वर कुणी मद्रासी, कुणी पंजाबी, एक बनारसकडचे पांडेजी. आणि गिरगावातली खोली विकून आलेले सुभाष कोरगावकर. ते सोसायटीचे सेक्रेटरी, नोकरी विमा कंपनीत. सगळे एकमेकांशी आपापल्या वळणाचं हिंदी बोलत. नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं, आणि त्या तासात जिन्यावर जी एकात्मता दिसायची ती सरकारला कधी कॅमेऱ्यात पकडता आली नाही.

मराठी माणूस नव्या माणसाला आधी आडनाव विचारतो आणि मग गाव विचारतो. मधला प्रश्न तो तोंडाने विचारत नाही, पण उत्तर घेतल्याशिवाय राहतही नाही. कोरगावकरांनी विचारलं तेव्हा सहादेव म्हणाले, ‘जोगदंड, बीडकडचे.’ हे आडनाव मराठ्यांतही आहे आणि बौद्धांतही. कोरगावकरांनी त्यातलं आपल्याला सोयीचं ते धरलं आणि ‘वा, वा’ म्हणाले. सहादेव खोटं बोलले नाहीत. फक्त पुढे बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर निघून गेले.

मागे राहिली सरोजा. मुलगी निशा लग्न होऊन नाशिकला गेलेली, नवरा महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिला सोबत होती ती बरोबर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या उर्मिलाची, म्हणजे कोरगावकरांच्या बायकोची. दोघी मिळून पाणी भरत, मिळून पापड लाटत, बोरिवलीला साड्यांच्या सेलला मिळून जात. एकीच्या घरची चावी दुसरीकडे असे. आणि दर संक्रांतीनंतर उर्मिला हळदीकुंकू करायची तेव्हा जिन्यातूनच हाक मारायची, ‘सरोजाताई, ये गं सहाला!’

सरोजा जायची. बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आईने देव्हाऱ्यातले टाक गावच्या नदीत सोडले ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि माहेरी-सासरी कुठेच कुंकवाचा करंडा राहिला नव्हता. ती टिकली लावायची, तीही बिल्डिंगीत आल्यापासून. तरी उर्मिलासमोर बसून ती हळद-कुंकू लावून घ्यायची, तिळगूळ आणि वाण घेऊन खाली यायची आणि जिन्याच्या वळणावर पदराने कपाळ पुसायची. पहिल्या वर्षी तिने हे सहादेवांना हसत सांगितलं. दुसऱ्या वर्षी सांगितलं नाही. सहादेवांनीही विचारलं नाही, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि ते ऐकायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

जानेवारीच्या सुरुवातीला कोरगावकर खाली आले. ‘जोगदंड, तुम्ही रिटायर होताय, आणि आमच्या बिल्डिंगीने तुमचं काम पाहिलेलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सव्वीस जानेवारीला संध्याकाळी तुमचा तो एकात्मतेचा पिक्चर लावू. तुमचा सत्कारही करून टाकू.’

सहादेवांना मनापासून आनंद झाला. त्यांनी तो दाखवला नाही, पण दुसऱ्याच दिवशी ते खात्याच्या गोदामात गेले. तिथला पंढरीनाथ त्यांचा जुना दोस्त. हा सिनेमा सरकारने चौदा भाषांत काढला होता: चित्रं तीच, मागचा आवाज वेगळा. झिजलेल्या प्रती कंडम करून कोपऱ्यात टाकल्या होत्या, त्यातली चांदी काढणाऱ्याला त्या जायच्या होत्या. सहादेवांनी गुजराती, तमिळ, मल्याळी, पंजाबी, हिंदी आणि मराठी अशा सहा प्रतींचे डबे मागून घेतले.

त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली होती. गुजरातचं शेत आलं की मागून गुजराती बोलायला हवी, मद्रासचं देऊळ आलं की तमिळ. सहा प्रती कापायच्या आणि जोडून एक करायची. सरकारला सव्वीस वर्षांत जे सुचलं नव्हतं ते एका ऑपरेटरला निवृत्तीच्या तोंडावर सुचलं.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी जोडणीचं यंत्र मांडलं. फिल्म कापायची, टोक पात्याने खरवडायचं, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा एक थेंब, वर दाब. घरभर औषधाच्या दुकानासारखा वास. या कामात एक अडचण असते. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारी जागा चित्राच्या जागेपासून पुढे असते, त्यामुळे जोड आला की चित्र आधी बदलतं आणि आवाज सेकंदाने मागून येतो. पंजाबचा भांगडा सुरू झाला तरी तमिळ बोलणारा सेकंदभर हटत नाही, निरोप घेऊन झाल्यावर दारात उभ्या राहून बोलणाऱ्या पाहुण्यासारखा. सहादेवांना हे दुरुस्त करता येईना, आणि थोडं आवडलंही.

सहा डब्यांबरोबर पंढरीनाथने एक सातवा डबा चुकून दिला होता. त्यावर नाव नव्हतं. सहादेवांनी फिल्म दिव्यासमोर धरली. पन्नासेक सेकंदांचा तुकडा होता. मराठवाड्यातल्या कुठल्याशा तालुक्याच्या गावातली मिरवणूक, खात्याच्याच कुणी कॅमेरामनने कधीतरी टिपलेली. सरकारी कॅमेरामन नेहमीप्रमाणे उशिरा पोचला होता, रथ आणि त्यातली बाबासाहेबांची तसबीर पुढे निघून गेली होती. फिल्मवर आले होते ते मागचे लोक. पांढऱ्या लुगड्यांतल्या बायकांची रांग, हात जोडलेले, मध्येच एखादीच्या कडेवर पोर, एकदोघींच्या हातात झेंडे. फिल्मच्या कडेची आवाजाची पट्टी कोरी. हा तुकडा कधी कुठल्या सिनेमात लागलाच नव्हता. सहादेव तो बराच वेळ पाहत राहिले. ज्या सिनेमाला त्यांनी उमर दिली त्यात महाराष्ट्र यायचा तेव्हा लेझीम यायचं, नऊवारीतल्या बायका यायच्या, गणपती यायचा. ह्या बायका यायच्या नाहीत. त्यांनी तो तुकडा महाराष्ट्राच्या मागे जोडला.

सरोजाने मागून पाहिलं. ‘हे काय लावलंत?’

‘आपली माणसं आहेत.’

‘ते दिसतंय मला. हे समद्या बिल्डिंगीला दाखवणार?’

‘सगळ्यांचं दाखवतोय, तर आपलं का नको?’

सरोजा पाटावर बसली. ती चिडली म्हणजे तिची बीडची बोली वर यायची. ‘तुम्ही महिन्याचे वीस दिस दौऱ्यावर. ऱ्हाते मी हितं. माझी चावी तिच्याकडं आन तिची माझ्याकडं. तुम्ही पन्नास सेकंदांत ते मोडून टाकाल, आन जाल कुठं तरी. आता तर जाणारबी न्हाईत, घरात बसून बघाल मला एकटं पाणी भरताना.’

‘उर्मिला वहिनी तशा नाहीत.’

‘नसंल. पण मला ते आजमावून बघायचं न्हाई.’

चार वर्षांपूर्वी आडनावापाशी थांबले ते स्वतः, आणि त्या थांबण्याचं ओझं वाहिलं तिने. ते ‘काढतो’ म्हणाले आणि तिच्यादेखत जोड सोडवून तुकडा पुन्हा डब्यात ठेवला. सरोजाने उठून भात टाकला.

सव्वीस तारखेला सकाळी झेंडावंदन झालं. दुपारी कोरगावकर पडदा कुठे बांधायचा ते बघायला आले, दोरी धरून स्टुलावर चढले आणि उत्साहात बोलत राहिले. त्यांच्या खिशाला कागदी तिरंगा टाचलेला होता.

‘तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे ना, काल एक जण बघायला आले होते. मराठीच. बँकेत नोकरी, माणूस अगदी सज्जन हो. पण आडनाव ऐकलं, गाव ऐकलं, आणि लक्षात आलं. मी म्हटलं, मालकाचा विचार बदललाय.’ त्यांनी गाठ मारली. ‘आपल्याला काही नाही हो त्यांचं, पण बिल्डिंगीचं वळण बिघडतं. बरोबर ना?’

सहादेव दोरीचं दुसरं टोक धरून उभे होते. ‘पडदा जरा डावीकडे हवा,’ ते म्हणाले.

घरी सरोजा आंघोळीला गेली होती. सहादेवांनी डबा काढला, यंत्र मांडलं आणि तुकडा जिथून सोडवला होता तिथे परत जोडला. आपण बायकोला दिलेला शब्द मोडतोय हे त्यांना पुरतं कळत होतं, आणि तरीही त्यांनी सिमेंट वाळू दिलं.

सात वाजता मिठागराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत सतरंज्या पसरल्या. पोरं कुरकुरत होती की याच्यापेक्षा व्हिडिओ आणायचा. सरोजा आणि उर्मिला तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या. सहादेव नेहमीसारखे सगळ्यांच्या मागे, प्रोजेक्टरपाशी. ऑपरेटरला लोकांचे चेहरे दिसत नाहीत, पाठी दिसतात.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्यांदा मल्याळी आवाज आला तेव्हा नर्सचा नवरा चक्क उभा राहिला. गुजराती आली तशी चंपाबेन ओरडली, ‘अरे, आ तो आपणी भाषा छे!’ पोरांनी लगेच खेळ केला: चित्र बदललं की कोण आधी प्रांत ओळखतो. ‘पंजाब!’ ‘मद्रास!’ आवाज मागून सेकंदाने यायचा तेव्हा हशा पिकायचा. महाराष्ट्र आला, लेझीम आलं, कोरगावकरांनी शिट्टी मारली. सव्वीस वर्षांत असा खेळ सहादेवांनी पाहिला नव्हता. त्यांचा ऊर भरून आला.

मग जोड आला. मराठी निवेदकाचे शेवटचे दोन शब्द पांढऱ्या लुगड्यांवर पडले आणि आवाज बंद झाला. नुसती खरखर. बायका हात जोडून चालत होत्या.

सरोजाची पाठ ताठ झाली. सहादेवांना ते मागूनही दिसलं.

‘बंगाल!’ एक पोरगं ओरडलं.

‘केरला,’ पांडेजींचा मुलगा म्हणाला. नर्सच्या नवऱ्याने नाही म्हणून मान हलवली.

‘जैन साध्वी छे शायद,’ चंपाबेन म्हणाली.

‘बंगालच असणार,’ कोरगावकरांनी निकाल दिला. ‘विधवा बायकांची यात्रा असेल.’

सहादेवांना तेव्हा आपली चूक कळली. पांढरं लुगडं आणि निळा झेंडा दिसला की बाकी काही सांगावं लागत नाही, असं ते धरून चालले होते. पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर निळा झेंडा राखाडी दिसतो, आणि रथ तर पुढे निघून गेलेला. ज्याला माहीत आहे त्यालाच ते दिसत होतं. आता त्यांनी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण निवेदक बोलायचा आणि ऑपरेटर गप्प राहायचा, ही सव्वीस वर्षांची सवय त्यांच्या आड आली.

मौका असाही होता की गप्प राहावं आणि बंगालवर निभावून न्यावं. अजून वीस सेकंद, मग शेवटचं गाणं. कुणालाच काही कळलं नसतं.

‘अरे, पण ये कौनसा स्टेट है?’ चिमणभाईंनी मागे वळून मोठ्याने विचारलं. ‘जोगदंडभाई, बोलो ना!’

‘स्टेट नाय है, चिमणभाई.’ सरोजाचा आवाज आला. ती पडद्याकडेच बघत होती. ‘हम लोग है. पहिला माळा, चार नंबर.’ आणि मग कुणाला शंका राहू नये म्हणून मराठीत म्हणाली, ‘आम्ही बौद्ध आहोत. बाबासाहेबांची मिरवणूक आहे ती.’

‘अच्छा,’ चिमणभाई म्हणाले आणि पुढे वळले. त्यांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. मराठी पाठी मात्र हलल्या नाहीत. तुकडा संपला, शेवटचं गाणं लागलं, पोरं त्याच्याबरोबर ओरडून गायली, दिवे लागले, आणि टाळ्या अगदी भरपूर पडल्या.

सत्कार झाला. कोरगावकरांनी शाल घातली, नारळ दिला, भाषण तीन वाक्यांत आटोपलं. गर्दी पांगल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, ‘जोगदंड, तुम्ही आधी सांगितलं असतंत तर दुपारी मी तसं बोललो नसतो.’

‘बोलला नसतात,’ सहादेव म्हणाले. ‘पण केलं तेच असतंत.’

कोरगावकर सतरंजीची घडी घालू लागले. उर्मिला केव्हाच वर निघून गेली होती.

घरी आल्यावर सरोजा भांडली नाही. सहादेवांना भांडण बरं वाटलं असतं.

‘काढला म्हणाला होतात.’

‘परत लावला.’

‘मला सांगायचं होतं.’

‘सांगितलं असतं तर तू लावू दिला नसतास.’

‘न्हाईच दिला असता.’ ती टिकली काढून आरशाच्या काचेवर चिकटवायला गेली, मग तिने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. ‘आन वर लावून गप्प बसलात. बोलायचं पुन्हा मीच.’

सहादेवांनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

उर्मिलाचं हळदीकुंकू रविवारी, अठ्ठावीस तारखेला होतं. शनिवारी पाण्याच्या वेळी ती दिसली नाही, कोरगावकरच बादल्या घेऊन आले. रविवारी सकाळी हाक आली नाही. दुपारीही आली नाही. सहा वाजले तसे जिन्यात बांगड्या वाजू लागल्या. चंपाबेन वर गेली, नर्स गेली, शेजारच्या बिल्डिंगीतल्या दोघीतिघी गेल्या. चार नंबरचं दार सरोजाने सताड उघडं ठेवलं होतं आणि ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्या बायका हसत, ‘काय, तांदूळ का?’ म्हणत आणि पुढे जात. सहादेव दोनदा म्हणाले, ‘दार लोटू का?’ ती ‘नको’ म्हणाली. वरून हसण्याचे आवाज येत होते, आणि सहादेवांना ते बसल्या जागी ऐकावे लागत होते.

सगळ्या निघून गेल्यावर, आठच्या सुमारास, उर्मिला खाली आली. तिच्या हातात वाटी होती आणि एक नवी प्लास्टिकची डबी, त्या वर्षीचं वाण. करंडा आणला नव्हता. तिचे डोळे लाल होते.

‘चार वर्षं माझ्या हातून लावून घेतलंस,’ ती म्हणाली. ‘एकदा तरी सांगायचंस गं.’

‘एकदा तरी विचारायचंस.’

उर्मिलाने वाटी पुढे धरली. ‘तू नाहीस तर मला आज अजिबात बरं वाटलं नाही. पण सगळ्या असताना तुला बोलवायचं धाडस झालं नाही, खरं सांगते. ह्यांच्या मावशी आल्या होत्या, परळच्या आत्या होत्या. म्हणून आता आले. घे.’

सरोजाने वाटीतला तिळगूळ उचलला आणि तिथेच तोंडात टाकला. डबी हातात घेऊन झाकण लावून पाहिलं, चांगली घट्ट बसत होती. मग तिने ती उर्मिलाच्या हातात परत दिली.

‘ही तुझ्याकडं ठेव,’ ती म्हणाली. ‘पुढच्या वर्षी सगळ्या असताना हाक मार. मी येईन. कुंकू लावू नकोस, डबी दे.’

उर्मिला डबी घेऊन जिना चढून गेली. सरोजाने तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं आणि सहादेवांना म्हणाली, ‘बसलात काय? उद्या पाच वाजता पाणी यायचंय. कळशी तुम्ही धरायची.’